एफटीएलमध्ये मिळवलेली जहाजं गायब होतात, परत येतात, परत गायब होतात: बिघाड नेमका कुठे असतो

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, एफटीएल या कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल. "मामा, माझी एफटीएलची कॉपी खराब आहे. दुसऱ्या दुकानातून परत घेऊ का? माझं कार्ड चालत नाहीये, तुझं देतोस?"

खेळ सुरू होत होता, आवाज येत होता, चित्रही व्यवस्थित होतं. तक्रार एवढीच की मिळवलेली जहाजं टिकत नाहीत. सोमवारी एंजी क्रूझर दिसायचं, बुधवारी त्याच जागी कुलूप, शनिवारी क्रूझर परत हजर. त्यानं खेळ दोनदा काढून पुन्हा टाकला होता. लॅपटॉप फॉरमॅट करायची तयारीही झाली होती. मी म्हटलं, थांब, काही विकत घेऊ नकोस आणि फॉरमॅट तर मुळीच करू नकोस, रविवारी येतो.

अशीच तक्रार याआधी दोन-तीन मित्रांकडूनही ऐकली होती. कारण दर वेळी वेगळं निघालं, पण शोधायची रीत एकच. ती इथे सविस्तर लिहितो, कारण या खेळात हा घोटाळा ओळखणं इतर खेळांपेक्षा अवघड जातं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'एफटीएल: फास्टर दॅन लाइट' हा जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांचा खेळ. शांघायमधल्या मोठ्या स्टुडिओतली नोकरी सोडून त्यांनी तो करायला घेतला. २०१२ साली किकस्टार्टरवर १०,००० डॉलर मागितले, लोकांनी दोन लाखांवर दिले, आणि १४ सप्टेंबर २०१२ ला खेळ बाजारात आला. एक अवकाशयान, दोन-तीन माणसांची टोळी, मागे लागलेलं बंडखोरांचं आरमार आणि पार करायचे आठ सेक्टर. वीज ढालींना द्यायची की शस्त्रांना, इंजिनरूममध्ये आग लागली तर माणूस पाठवायचा की दारं उघडून हवाच बाहेर सोडायची, असे निर्णय स्पेसबार दाबून, वेळ थांबवून घ्यायचे. १२८० × ७२० चा पडदा असलेल्या कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर तो चालतो. म्हणूनच घरातल्या सामायिक, जुन्या मशीनवर तो हमखास असतो, आणि बऱ्याचशा तक्रारींचं मूळही तिथेच असतं.

आधी ठरवा: नक्की काय गेलं?

या खेळात मरण कायमचं असतं. यान फुटलं किंवा सगळी टोळी मेली की ती मोहीम संपली. मोहिमेची सेव्ह फाइल खेळ स्वतःच पुसून टाकतो, मागे फिरायची सोय नाही. तेव्हा 'माझा सेव्ह गेला' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, मोहीम गेली की जहाजं गेली?

हरल्यावर 'कंटिन्यू'चं बटण फिकं पडलं असेल तर काहीही बिघडलेलं नाही. तो खेळाचा नियम आहे. पण काल रात्री 'सेव्ह' करून व्यवस्थित बाहेर पडलात, यान शाबूत होतं, आणि आज 'कंटिन्यू' फिकं आहे, तर तो बिघाड. आणि उघडलेली जहाजं, मिळवलेली पदकं, गुणांचा तक्ता यातलं काही नाहीसं झालं असेल तर तो कायम बिघाडच, कारण या गोष्टी मरणानंतरही टिकायला हव्यात. पाचव्या सेक्टरपर्यंत एकदा पोचलात आणि एंजी क्रूझर मिळालं, की पुढे शंभर वेळा हरलात तरी ते तुमचंच.

हा फरक न केल्यामुळे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. कुणी नियमालाच बिघाड समजून तास घालवतं. उलट कुणी खरा बिघाड 'हा खेळच निष्ठुर आहे' म्हणून निमूट सोसतं. भाच्यानं पहिले दोन आठवडे हेच केलं. त्याला वाटलं, जास्त वेळा हरलं की जहाजं काढून घेत असतील. चौदा वर्षांच्या पोरानं ती शिक्षा मान्य करून पुन्हा पुन्हा पाच सेक्टर पार केले, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

फोल्डर उघडा आणि वेळ बघा

खेळ जिथे टाकलाय तिथे सेव्ह फाइली नसतात. विंडोजमध्ये त्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये, त्यात 'माय गेम्स', आणि त्यात 'फास्टरदॅनलाइट' (तिन्ही शब्द सलग) या फोल्डरात असतात. मॅकवर 'लायब्ररी'तल्या 'ॲप्लिकेशन सपोर्ट'मध्ये याच नावाचं फोल्डर असतं. लिनक्सवर ते होम फोल्डरच्या लपवलेल्या 'लोकल'मधल्या 'शेअर'खाली सापडतं. म्हणूनच खेळ काढून परत टाकल्यानं या दुखण्यावर काही परिणाम होत नाही. औषध भलत्याच जागी लावलं जातं.

त्या फोल्डरात दोन फाइली महत्त्वाच्या. 'कंटिन्यू.सॅव्ह' म्हणजे चालू मोहीम. 'एई_प्रॉफ.सॅव्ह' म्हणजे तुमचं प्रोफाइल, म्हणजे जहाजं, पदकं आणि गुण. शेजारी नुसती 'प्रॉफ.सॅव्ह' दिसली तर ती मूळ आवृत्तीची. एप्रिल २०१४ मध्ये 'ॲडव्हान्स्ड एडिशन' ही भर सगळ्यांना फुकट मिळाली, तेव्हापासून नवं प्रोफाइल 'एई' लावलेल्या फाइलीत राहतं. मशीन बदलताना लोक नेमकी जुनी फाइल उचलतात आणि नवी तिथेच राहते. पूर्ण फोल्डर उचला म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

आता चाचणी. खेळ सुरू करा, नवी मोहीम घ्या, दोन उड्या मारा (म्हणजे यान दोनदा पुढच्या ठिकाणी न्या), सेव्ह करून बाहेर पडा. फोल्डर उघडा आणि 'कंटिन्यू.सॅव्ह'समोरची 'डेट मॉडिफाइड'ची वेळ बघा. ती आत्ताची आहे का?

आत्ताची असेल तर खेळ तिथेच लिहितोय, म्हणजे नंतर कुणीतरी ती फाइल बदलतंय किंवा हलवतंय. जुनीच असेल, किंवा फाइलच नसेल, तर एकतर खेळाला लिहू दिलं जात नाहीये, नाहीतर तो दुसरीकडेच कुठेतरी लिहितोय. या एका नोंदीवरून अर्धं काम होतं. तोपर्यंत ड्रायव्हर, ग्राफिक्स, रजिस्ट्री कशालाच हात लावू नका.

भाच्याच्या लॅपटॉपवर काय निघालं

रविवारी चहा घेऊन बसलो. फोल्डरात 'कंटिन्यू.सॅव्ह'वर वेळ होती नऊ दिवसांपूर्वीची. तो म्हणाला, "काल रात्रीच खेळलोय." मी म्हटलं, खेळून दाखव. त्यानं डेस्कटॉपवरच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली, पडदा काळवंडला, पासवर्डची चौकट आली. तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "बाबा, पासवर्ड!"

तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लॅपटॉप वडिलांचा. मुख्य खातं त्यांचं, भाच्याचं खातं साधं. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं की खेळ अडखळत असेल तर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा, म्हणून त्यानं डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला ती खूण करून ठेवली होती. साध्या खात्यातून असा प्रोग्रॅम चालवला आणि दुसऱ्या खात्याचा पासवर्ड दिला, की तो प्रोग्रॅम त्या दुसऱ्या खात्याच्या नावानं चालतो. पडद्यावर बसलाय भाचा, पण खेळाच्या लेखी खेळणारे त्याचे वडील. मग 'डॉक्युमेंट्स' म्हणजे वडिलांचं 'डॉक्युमेंट्स'.

वडील घरी नसले की हा पासवर्ड मागायला कुणी नसायचं, तेव्हा तो, खेळ ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला त्या दुकानाच्या ॲपमधून खेळ सुरू करायचा. तिथे ती खूण नव्हती, म्हणून खेळ त्याच्या स्वतःच्या फोल्डरात लिहायचा. म्हणजे वडील घरी असतानाचं एक प्रोफाइल, नसतानाचं दुसरं. सोमवार, बुधवार, शनिवारचं कोडं वडिलांच्या शिफ्टशी तंतोतंत जुळलं. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून ताडून पाहिलं.

उपाय सोपा. शॉर्टकटवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'शॉर्टकट' टॅबमधलं 'ॲडव्हान्स्ड' बटण, तिथली 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची खूण काढा. 'कम्पॅटिबिलिटी' टॅबमध्येही तशीच एक खूण असते, तीही तपासा. या खेळाला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतच नाहीत. खरं तर बहुतेक खेळांना लागत नाहीत, आणि हा सल्ला जिथे-तिथे सर्रास दिला जातो ते मला पटत नाही. एका दुखण्यावर सांगितलेलं हे औषध दुसरं दुखणं लावून जातं.

मग वडिलांच्या खात्यातल्या फोल्डरातून फाइली आणायच्या. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, 'कट' करू नका, 'कॉपी' करा. एकाच ड्राइव्हवर हलवलेल्या फाइलीला जुन्या खात्याचे हक्क चिकटून राहू शकतात, आणि मग खेळाला ती वाचता येते पण लिहिता येत नाही. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डराचे हक्क घेते. दोन, कॉपी करण्याआधी दोन्ही फोल्डरांची एकेक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, आणि हे करताना खेळ पूर्ण बंद असू द्या.

दोन प्रोफाइलं एकत्र मात्र होत नाहीत. वडिलांच्या बाजूला झोल्टन क्रूझर होतं, भाच्याच्या बाजूला एंजी आणि बरीच पदकं. यातलं एकच ठेवता येतं. हौशी लोकांनी बनवलेला प्रोफाइल एडिटर मिळतो, त्यानं राहिलेलं जहाज उघडता येतं. जहाज तुम्ही खरोखर मिळवलं होतं आणि बिघाडानं गेलं, तर ते तसं परत घेण्यात मला काही गैर वाटत नाही. भाच्याला विचारलं, तो म्हणाला, "नको, झोल्टन मी परत मिळवतो. आता रस्ता माहितीये."

इतर ठिकाणी निघालेली कारणं

एका मित्राकडे फाइल तयारच होत नव्हती. फोल्डर रिकामं. विंडोजमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे, खंडणीखोर व्हायरसपासून कागदपत्रं वाचवायला. ती चालू असली की अनोळखी प्रोग्रॅमला 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहू दिलं जात नाही. कोपऱ्यात क्षणभर सूचना येते, पण खेळ पूर्ण पडद्यावर असल्यानं ती दिसत नाही. 'विंडोज सिक्युरिटी'त 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन', तिथे 'अलाउ ॲन ॲप' म्हणून 'एफटीएलगेम' ही फाइल जोडा. अडवलेल्या प्रोग्रॅमांची यादीही तिथेच दिसते, त्यात खेळाचं नाव असेल तर निदान पक्कं. ही सोय सरसकट बंद मात्र करू नका. लग्नाचे फोटो आणि जमिनीचे कागद स्कॅन करून त्याच फोल्डरात ठेवलेले असतात. एका खेळासाठी सगळं दार उघडं टाकायचं नाही. बाहेरून घेतलेल्या काही अँटिव्हायरसांतही असाच पहारा असतो, तो त्यांच्या सेटिंगमध्ये शोधावा लागेल.

दुसरं कारण क्लाउड बॅकअपचं. नवा लॅपटॉप लावताना 'तुमची फोल्डरं सुरक्षित ठेवू का' असं विचारलं जातं, आपण 'हो' म्हणतो, आणि 'डॉक्युमेंट्स'चा मुक्कामच बदलतो. 'डॉक्युमेंट्स'वर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन' टॅब. तिथे दिसतो तो खरा पत्ता. बॅकअप चालू केल्यावर जुन्या पत्त्यावर राहिलेल्या फाइली खेळाला सापडत नाहीत, बंद केल्यावर उलटं होतं. शिवाय जागा वाचवायला फाइल फक्त क्लाउडवर ठेवलेली असेल आणि त्या वेळी नेट नसेल, तर खेळाला ती उघडता येत नाही. गावाकडे रेंज गेली की हे होतं. फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा.

खेळाचं दुकानही स्वतःच्या क्लाउडवर सेव्ह ठेवत असेल आणि दोन मशीनवर खेळत असाल, तर कधीतरी 'ही घ्यायची की ती' असा प्रश्न येतो. घाईत बटण दाबू नका. दोन्हींसमोर तारीख-वेळ असते ती वाचा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली असेल तर घड्याळ मागे जातं आणि तारखा फसवतात. अशा वेळी आधी फोल्डराची प्रत काढा, मग उत्तर द्या.

लाइट जाणं हे आणखी एक. फाइल लिहिली जात असतानाच लाइट गेली तर तिचा आकार शून्य होऊन बसू शकतो, आणि बॅटरी किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हा धोका खरा आहे. शून्य आकाराची फाइल दुरुस्त होत नाही. ती बाजूला काढा आणि प्रत असेल तर लावा. म्हणून आठवड्यातून एकदा 'फास्टरदॅनलाइट' फोल्डराची प्रत काढायची सवय ठेवा, काही सेकंदांचं काम आहे.

इथे माझं एक प्रामाणिक मत. 'कंटिन्यू.सॅव्ह'ची प्रत ठेवून हरल्यावर ती परत लावता येते हे तुमच्या लक्षात आलंच असेल. लाइट गेल्यावर जरूर लावा. हरल्यावर लावू नका. आठव्या सेक्टरमधल्या बंडखोरांच्या मुख्य जहाजाशी तीन टप्प्यांत लढताना हात थरथरतो, तो मागे फिरता येत नाही म्हणूनच. ती थरथर खेळ बनवणाऱ्या दोघांनी मुद्दाम, विचारपूर्वक घडवली आहे.

मोड, म्हणजे चाहत्यांनी खेळात केलेले फेरबदल, वापरणाऱ्यांसाठी एवढंच की 'हायपरस्पेस' या दुसऱ्या मोडवर चालणारा 'मल्टिव्हर्स'सारखा मोठा मोड आपलं प्रोफाइल वेगळ्या फाइलीत ठेवतो. मोड टाकल्यावर जहाजं 'गेली' असं वाटतं, पण ती मूळ फाइलीत सुखरूप असतात.

आणि विंडोजचं खातं देवनागरी नावानं उघडलेलं असेल तर एक शक्यता ध्यानात ठेवा. जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या अनेक प्रोग्रॅमांना पत्त्यातली इंग्रजीबाहेरची अक्षरं वाचता येत नाहीत. सेटिंगमध्ये नाव बदलून उपयोग नाही, 'यूजर्स'मधल्या फोल्डराचं नाव तसंच राहतं. वरचं सगळं तपासून झालं आणि तरी गाडी अडली, तर इंग्रजी अक्षरांत नवं खातं उघडून एकदा खेळून बघा. आपल्या लिपीत नाव लिहिलं म्हणून अडावं हे मला मनापासून खटकतं, पण उपाय आजतरी हाच.

परत विकत घेण्याआधी

भाच्याचा मूळ प्रश्न राहिला. दुसऱ्या दुकानातून घेतलेली कॉपीही त्याच 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहिणार, त्यामुळे दुखणं तसंच राहिलं असतं आणि पैसे गेले असते. खेळाची मूळ किंमत ९.९९ डॉलर आहे, सेलमध्ये बरीच उतरते. पहिल्यांदाच घेत असाल तर दुकान निवडताना किंमत रुपयांत दिसते की डॉलरात ते बघा. रुपयांत असेल तर बहुधा यूपीआय किंवा नेटबँकिंगनं काम होतं. डॉलरात असेल तर परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागतं, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्कही बसतं.

आणि कार्ड 'डिक्लाइन' होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे बंद असलेलं बटण. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानंतर, १६ मार्च २०२० पासून, नवं कार्ड मिळतं तेव्हा त्यावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंदच असतात. ते आपण चालू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये 'इंटरनॅशनल' आणि 'ऑनलाइन' अशी दोन वेगळी बटणं असतात. दोन्ही चालू करा, मर्यादा हजार रुपयांच्या आसपास ठेवा, खरेदी झाली की 'इंटरनॅशनल' परत बंद. भाच्यानं फक्त एकच चालू केलं होतं.

पैसे कापले गेले पण खेळ खात्यात आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी ईमेल आणि दुकानातली खरेदीची यादी बघा, बऱ्याचदा खेळ थोड्या वेळानं येतो. देशातल्या देशात झालेला यूपीआय किंवा कार्डाचा व्यवहार असा मधेच लटकला, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. डॉलरातल्या परदेशी व्यवहाराला हा नियम लागू नाही, तिथे बँकेकडे रीतसर 'डिस्प्यूट' नोंदवावा लागतो. दोन्हींसाठी व्यवहार क्रमांक आणि त्या क्षणाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.